साहेब काही बोलला नाही

गोऱ्या साहेबानं हात पुढं केला आणि मी तो हातात घेतला. एवढाच माझा गुन्हा.

पहिली थप्पड कानावर बसली. उजव्या कानात शिट्टी वाजायला लागली. दुसरी तोंडावर. दात ओठात घुसला आणि खाकी शर्टावर रक्त सांडलं. बाळासाहेब कॉलर धरून मला हलवत होते, आणि साहेब दोन हातांच्या अंतरावर उभा होता.

"पावण्यानं हात दिला म्हणून घेतोस व्हय रं? तुझी पायरी काय, तू काय?"

बाळासाहेब म्हणजे मालकांचे मेहुणे. कारखान्याची देखरेख त्यांच्याकडं. कोल्हापुरातला इंजिनं बनवायचा कारखाना, साठ-सत्तर माणसं. बहात्तरचा दुष्काळ पडायच्या आधीचं साल. विलायतेहून इंजिनाचे सिलिंडर आतनं कोरायचं मोठं बोरिंग मशीन आलं होतं आणि ते बसवून द्यायला हा इंग्रज इंजिनिअर आला होता. त्याला हार घातला, कामगार रांगेत उभे केले. मी आयटीआय पास झालेला फिटर. सव्वीस वर्षांचा, लग्न झालेला. पण मी कसबा बावड्याच्या बौद्ध वस्तीतला. मला रांगेत घेतलं नव्हतं. मागं भंगाराच्या ढिगाजवळ उभं राहा म्हणून सांगितलं होतं. साहेब एकेकाशी हात मिळवत आला. रांग संपली तरी चार पावलं पुढं आला, माझ्यापर्यंत. आमच्यात रांग कुठं संपते ते त्याला काय ठाऊक.

मी हात पँटला पुसला आणि दिला.

मार खाताना मी साहेबाकडं बघितलं. त्यानंही बघितलं. मग मान वळवली. मशीनच्या लाकडी खोक्याजवळ गेला आणि त्यावरची अक्षरं वाचत उभा राहिला.

पुढचे आठ दिवस चहाच्या सुट्टीत साहेबाशिवाय दुसरा विषय नव्हता. कोल्हापूरच्या माणसाला न बोलणारा माणूस सोसत नाही. एसटीत शेजारी बसलेल्याचं सगळं खानदान मलकापूर यायच्या आत काढून घेणारी माणसं ही. साहेब कुणाचं नाव विचारत नव्हता. पोरंबाळं किती, ते विचारत नव्हता. घरी जेवायला बोलावलं तर नुसती मान हलवून नको म्हणायचा.

"माजुरी जात हाय," एक टर्नर म्हणाला. "राज्य गेलं तरी तोरा गेला न्हाय."

"माज न्हवं त्यो," दत्ता मिस्त्री म्हणाले. हे आमचे फोरमन, कोडोलीचे. शेडच्या या टोकाला बोलले तर त्या टोकाला ऐकू यायचं. "लाजतंय त्ये. अनोळखी माणसाशी बोलायची रीतच न्हाय त्यांच्यात. माझा चुलता लढाईत गेलता त्यांच्यासंगं. सांगायचा की."

मी हे दाराबाहेर उभा राहून ऐकत होतो. माझी जागा तिथं. माझा कप वेगळा, खिडकीत उपडा घातलेला. फुटलेल्या ओठाला चहा झोंबत होता.

मशीनबरोबर इंग्रजी पुस्तक आलं होतं. ते वाचून नट कुठला, बोल्ट कुठला हे कळणारा कारखान्यात मी एकटा. दुसरा इलाज नव्हता म्हणून मला साहेबाच्या हाताखाली दिलं. आम्ही तीन आठवडे बरोबर काम केलं. तीन आठवड्यांत तो माझ्याशी शंभर शब्दही बोलला नसेल. पाना, तेल, थांब, ठीक. त्याच्याजवळ थर्मास होता, त्याला दोन झाकणं. चार वाजता एका झाकणात स्वतःला चहा ओतायचा, दुसऱ्यात मला. प्यायलो की झाकण माझ्या हातातनं घ्यायचा, विसळायचा, परत लावायचा.

खोटं कशाला सांगू, मला त्याचं न बोलणं आवडायला लागलं.

आमच्याकडं माणूस गोड बोलतो. या पावणं, बसा पावणं. पाण्याचा तांब्या पुढं करतो. मग विचारतो, गाव कुठलं. मग कुणाच्यातलं. मग आडनाव. आडनाव ऐकलं की तांब्या मागं जातो. लहानपणापासून मी हेच बघत आलो. प्रेमानं विचारलेल्या तिसऱ्या प्रश्नाला माणसाचं तोंड बदलतं. हा मात्र काहीच विचारत नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी शेजारी मी पाठ ताठ ठेवून उभा होतो. पहिल्या दिवसाचा मार मी माफ करून टाकला. लाजला असेल, म्हटलं. परका माणूस. बायकोला सांगितलं, साहेब माझा दोस्त हाय.

तिनं विचारलं, "त्येला तुमचं नाव तरी ठावं हाय का?"

मला राग आला होता तिचा.

मशीन सुरू करायचा दिवस उजाडला. सकाळी दहाचा मुहूर्त. आंब्याची डहाळी, नारळ, हळदकुंकू. मालक टोपी घालून आलेले. साहेबानं मालकांना सांगितलं, मशीन हा माणूस चालवेल. माझ्याकडं बोट केलं. मालक हसले. बाळासाहेब हसले नाहीत.

"पूजा हुईपर्यंत शेडच्या बाहेर हो," ते मला म्हणाले. "आणि आज मशीनला हात लावायचा न्हाय. पैलं बटन म्हाराच्या हातनं दाबायचं व्हय?"

मी हललो नाही. का हललो नाही ते आजही नीट सांगता येत नाही. तीन आठवडे ताठ ठेवलेली पाठ वाकेना, एवढंच.

"मशीन मी जोडलंय," मी म्हणालो. "मी हितंच थांबणार."

भिंतीला शाफ्टचा जुना चामडी पट्टा टांगलेला होता. बाळासाहेबांनी तो काढला. पहिला फटका पाठीवर, दुसरा मानेवर. तिसरा तोंडावर आला आणि डोळ्यासमोर लाल झालं. मी मशीनचा खांब धरून उभा होतो. दोन माणसं आली, माझे हात सोडवायला लागली. पट्ट्याच्या टोकाला लोखंडी आकडा होता. तो गालात रुतला आणि मांस घेऊन बाहेर आला. साठ माणसं उभी. उदबत्ती जळत होती.

साहेब मालकांच्या शेजारी उभा होता. मी त्याला इंग्रजीत ओरडून म्हणालो, सर, तुम्ही सांगा ह्यांना.

त्याचे ओठ हलले. आवाज हळू, पण मी ऐकला.

"इट्स नॉट माय प्लेस."

प्लेस म्हणजे जागा. ही माझी जागा नाही, म्हणाला साहेब. आणि त्या वेळी माझ्या डोक्यात काहीतरी फाटलं. म्हणजे ह्यालाही जागा ठाऊक आहेत. ह्यालाही ह्याची जागा कळते. आणि माझी जागा पट्ट्याखाली.

पुढचा फटका आला तो मी हातावर घेतला. पट्टा मनगटाला गुंडाळला आणि ओढला. बाळासाहेब पुढं आले. मी डोकं त्यांच्या नाकावर मारलं. हाड मोडल्याचा आवाज झाला. ते नारळाच्या ताटावर पडले, मी त्यांच्यावर पडलो. किती मारलं ते मोजलं नाही. सव्वीस वर्षं होती त्या हातात. त्यांचे दोन दात हळदीत पडलेले दिसले, आणि मला बरं वाटलं. हे मी लपवत नाही. बरं वाटलं.

मग त्या दोघांतल्या एकाची लोखंडी पहार माझ्या खांद्यावर पडली.

सरकारी दवाखान्यात जाग आली. गळ्याजवळचं हाड मोडलेलं, गालाला सात टाके. आई पलंगाशी बसली होती. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाली, "त्या गोऱ्यानं बघितलं न्हवं समदं? मग बोलला का न्हाय त्यो?"

"त्यांच्यात अनोळखी माणसांच्या मधी पडत न्हाईत, आये."

"मग आपल्यात कोण पडलं?"

तिसऱ्या दिवशी साहेब आला. टोपी हातात घेऊन पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला. मग एक कागद उशाशी ठेवला. कंपनीच्या छापील कागदावर लिहिलेला दाखला. हा माणूस मशीन जोडण्यात हुशार आहे, विश्वासू आहे. माझं नाव त्यात चुकीचं लिहिलं होतं.

मी म्हणालो, "तुम्ही बघितलं ते पोलिसांना सांगा. सुरुवात कुणी केली, तेवढंच."

तो लाल झाला. खरंच लाजला. मी पाहुणा आहे, म्हणाला. दुसऱ्यांच्या भानगडीत पडणं आमच्यात बरं दिसत नाही. मला वाईट वाटतं, म्हणाला. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. ते खोटं नव्हतं. आणि माझ्या काही उपयोगाचंही नव्हतं.

"मी मरत होतो," मी म्हणालो. "तुमच्या समोर."

तो गेला. दाखला मी फाडला. एका हातानं फाटेना म्हणून दातांत धरून फाडला.

संध्याकाळी दत्ता मिस्त्री आले. सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात हळहळले. "लई वंगाळ झालं गड्या. जनावराला मारत न्हाईत असं." मी म्हणालो, मिस्त्री, साक्ष द्या. त्यांचा आवाज एकदम गेला. खाली बघत म्हणाले, "मला पोरंबाळं हायत रं." तेवढ्यासाठी त्यांना कुजबुजता आलं.

मी रात्रभर डोळे उघडे ठेवून पडलो. साहेब लाजाळू की माजोरी, माणूसघाणा की भिडस्त, यावर आठ दिवस कारखाना भांडला होता. मीही भांडलो होतो, मनात. आता कळलं की हा प्रश्न ज्याला मार पडत नाही त्याचा आहे. पट्टा तुमच्या तोंडावर येतो तेव्हा बघणारा कुठल्या स्वभावानं गप्प आहे, यानं पट्ट्याचं वजन कमी होत नाही. तो गप्प आहे. बास.

खांद्याला प्लास्टर घेऊन मी पोलीस ठाण्यात गेलो. बाळासाहेबांची फिर्याद माझ्यावर आधीच नोंदलेली होती. मी माझा अर्ज लिहून नेला होता, डाव्या हातानं, वेडावाकडा. मारणारे तिघे. खाली साक्षीदार. जे जे बघत उभे होते त्यांची नावं, आठवली तेवढी. पहिलं साहेबाचं. मग मालकांचं. मग दत्ता मिस्त्रींचं. मग टर्नर, मोल्डर, पुजारी.

फौजदारानं कागद वाचला. पेन माझ्याकडं सरकवलं.

"गोऱ्याचं नाव खोड. परदेशी पावणा हाय. मालकांचंबी खोड. मग आत्ता नोंदवून घेतो."

"त्यांनी बघितलंय."

"बघितलंय तर बघितलंय. त्यांनी काय मारलंय काय तुला?"

"मारलं न्हाय. बोललं न्हाईत."

"त्यो गुन्हा न्हवं."

"नसंल," मी म्हणालो. "पर नाव ऱ्हाईल."

त्यानं अर्ज घेतला नाही. मी तिथंच पायरीवर बसलो. तीन दिवस. हवालदारानं दोनदा लाथ घालून उठवलं, दोनदा परत बसलो. चौथ्या दिवशी तोच अर्ज पुन्हा लिहून काढला आणि वरच्या साहेबांना, कलेक्टरांना, मंत्र्यांना रजिस्टर पोस्टानं धाडला. दोन्ही खटले उभे राहिले, माझा त्यांच्यावरचा आणि त्यांचा माझ्यावरचा. बाळासाहेब सुटले, मला चार महिने झाले. साठ माणसांनी कोर्टात सांगितलं, आम्ही त्या वेळी दुसरीकडं होतो. इंग्रज कधीच निघून गेला होता.

तुरुंगातनं आल्यावर मला आमच्या भागात कुणी कामाला घेतलं नाही. मी अर्ज लिहायला बसलो. वस्तीतल्या पोरीला विहिरीवर मारलं, लिहिला. वरातीवर दगड पडले, लिहिला. मारणाऱ्यांची नावं सगळेच लिहितात. मी त्यांच्याखाली बघणाऱ्यांची लिहितो. बापाच्या नावासकट, गावासकट. लोक घरी येतात, पाया पडतात, आम्ही साधी माणसं, आम्हाला बोलायला जमत नाही, आमचं नाव काढा म्हणतात.

मी काढत नाही.