मोठ्या बाई पहिलीत बसतात

मोठ्या बाईंच्या चपलांचा आवाज व्हरांड्याच्या टोकाला आला की चौथीचा वर्ग पुस्तकात तोंड खुपसायचा, आणि चौथीचे सरही. या प्राथमिक शाळेच्या त्या अकरा वर्षं मुख्याध्यापिका होत्या. रोज दोन फेऱ्या, प्रत्येक दारात अर्धं मिनिट, आणि मग फेरीच्या वहीत लाल शाईने एक शेरा. त्या वहीत आजवर एकही खाडाखोड नव्हती. याचा त्यांना इतका अभिमान, की पाहुण्यांपुढे चहाच्या आधी वही यायची.

त्याच वहीत पहिलीच्या वर्गापुढे दोन वर्षांत एक्केचाळीस वेळा एकच शब्द लिहिलेला होता: गोंगाट.

पहिलीच्या बाई वयाने लहान आणि नोकरीने त्याहून लहान. त्यांची दोन वर्षांची तात्पुरती नेमणूक संपत आली होती. त्यांना कायम करायचं की घरी पाठवायचं, हे मोठ्या बाईंच्या अहवालावर ठरणार होतं, आणि तो शनिवारी वरच्या कार्यालयात जायचा होता. 'वर्गावर नियंत्रण' या रकान्यात मोठ्या बाईंनी पेन्सिलने 'असमाधानकारक' लिहून ठेवलंही होतं. शाईने गिरवायचं तेवढं बाकी.

नेमकं त्याच आठवड्यात पहिलीच्या बाईंच्या वडिलांचं ऑपरेशन निघालं. रजा देण्यावाचून इलाज नव्हता. आठवडाही असा की मान वर करायला फुरसत नाही: मंगळवारी डोळ्यांची तपासणी, गुरुवारी वर्गांचे फोटो, शुक्रवारी पालकसभा. जादा शिक्षक आणायचा कुठून?

"मी बसते," मोठ्या बाई म्हणाल्या.

कारकून भाऊसाहेबांचा शिक्का हवेतच थांबला. "पहिलीत? तुम्ही?"

"मग काय झालं? वर्गच आहे ना, वाघाचा पिंजरा तर नाही."

"पिंजऱ्याला निदान गज असतात," भाऊसाहेब शिक्क्याकडे बघत पुटपुटले.

सोमवारी मोठ्या बाईंनी अकरा वर्षांच्या सवयीने पहिलं काम केलं ते म्हणजे सूचनापत्रक काढलं. सात कलमं, सुवाच्य अक्षर, खाली सही. ते त्यांनी पहिलीच्या भिंतीवर लावलं आणि चौतीस पोरांकडे वळून म्हणाल्या, "यातलं एकही मोडलेलं चालणार नाही."

पुढच्या बाकावर दोन वेण्यांची एक मुलगी होती. तिने पत्रकाखाली जाऊन मान वर केली, बराच वेळ पाहिलं, आणि समजुतीच्या सुरात म्हणाली, "बाई, आम्हाला जोडाक्षरं अजून शिकवली नाहीत. पुढच्या महिन्यात लावा."

मागून आणखी एकाने काळजीने विचारलं, "बाई, तुमची चप्पल खूप वाजते. चावते का तुम्हाला?"

ज्या चपलेला सगळी शाळा घाबरायची, तिची अशी विचारपूस प्रथमच होत होती. संध्याकाळी मोठ्या बाई घरी पोचल्या तेव्हा घसा बसला होता. यजमानांनी गुळण्यांसाठी कोमट पाणी पुढे केलं आणि म्हणाले, "तीस वर्षांत मला जे जमलं नाही, ते पोरांनी एका दिवसात केलं!" उत्तर द्यायला आवाजच नव्हता, त्यामुळे ते त्या दिवशी वाचले.

मंगळवारी मोठ्या बाईंनी ठेवणीतलं अस्त्र काढलं. "तोंडावर बोट! मी सांगेपर्यंत बोट हलता कामा नये." आणि नवल म्हणजे बोट हललं नाही. वर्ग असा चिडीचूप, की मोठ्या बाईंना वाटलं, एवढ्याशा गोष्टीला दोन वर्षं लागतात होय?

तेवढ्यात डोळ्यांचे डॉक्टर आले. त्यांनी भिंतीवर अक्षरांचा तक्ता टांगला आणि एकेकाला समोर उभं केलं. मोठ्या बाईंना भाऊसाहेबांनी सहीसाठी बोलावलं म्हणून त्या पाच मिनिटं गेल्या; त्या पाच मिनिटांची चांगली वीस झाली. परत येतात तो डॉक्टर घामाघूम.

"बाई, परिस्थिती गंभीर आहे. अठरा मुलं तपासली. एकालाही सगळ्यात वरचं मोठं अक्षरसुद्धा दिसत नाही! या सगळ्यांना तातडीने मोठ्या दवाखान्यात..."

दोन वेण्यांची मुलगी तोंडावर बोट ठेवून समोर उभी होती. मोठ्या बाई तिच्यापुढे वाकल्या. "अगं, बोट काढ. दिसतंय का तुला?"

"दिसतंय की. 'ग' आहे. पण तुम्हीच म्हणालात, सांगेपर्यंत बोलायचं नाही."

अठरा मुलं पुन्हा तपासली. चष्मा एकालाच निघाला. डॉक्टर जाताना म्हणाले, "शिस्त मात्र मानली पाहिजे हं, बाई," आणि ते कौतुक होतं की टोमणा, हे मोठ्या बाईंना रात्री जेवतानाही ठरवता येईना.

बुधवारी त्यांनी हात टेकले. "तुमच्या बाई असत्या तर आत्ता काय केलं असतं?"

"जोडीने वाचन!" एकदम चौतीस आवाज.

सतरा जोड्या झाल्या. एकाने वाचायचं, दुसऱ्याने ओळीखाली बोट धरायचं, चुकलं की अडवायचं. वर्गात असा कालवा उठला की मोठ्या बाईंचा हात सवयीने लाल पेनाकडे गेला. पण पेन ऑफिसात होतं आणि त्या वर्गात. मग त्या दोन बाकांच्या मधे, ढोपरं हनुवटीला लागतील अशा बुटक्या खुर्चीवर बसल्या आणि ऐकू लागल्या. उजवीकडे कोणी 'कमळ' ओढत न्यावं तसं वाचत होतं. डावीकडे एकजण जोडीदारणीला दटावत होता, "गिळू नकोस, शब्द पूर्ण म्हण!" त्या कालव्यात एकही आवाज रिकामा नव्हता. दोन वेण्यांची मुलगी तर आख्खं पान वाचून मोकळी झाली, आणि मोठ्या बाईंना म्हणाली, "आता तुम्ही वाचा, मी बोट धरते."

मोठ्या बाई वाचू लागल्या. एका ओळीत त्यांची घाई झाली, आणि त्यांना अडवण्यात आलं.

नेमक्या त्याच वेळी, मोठ्या बाईंच्या जागी फेरीवर निघालेले चौथीचे सर दारात अर्धं मिनिट थांबले आणि निघून गेले. मधल्या सुट्टीत ते वही घेऊन आले, मान खाली घालून. "बाई, सही हवी होती. नियम तुमचाच आहे, जे ऐकू येईल ते लिहायचं." पहिलीपुढे लाल शाईत लिहिलं होतं: गोंगाट. बेचाळिसावा.

मोठ्या बाईंनी वाचलं, पुन्हा वाचलं, आणि सही केली. "नियम म्हणजे नियम, सर."

शनिवारी सकाळी त्यांनी पेन्सिलचा शब्द खोडून 'अत्यंत समाधानकारक' असं शाईने लिहिलं. भाऊसाहेब घसा खाकरून म्हणाले, "बाई, अहवालासोबत वहीची नक्कल जाते. तिच्यात बेचाळीस वेळा गोंगाट, आणि इथे हे. वरचे साहेब ही शिफारस परत पाठवतील. वहीशी जुळत नाही म्हणतील."

"मग वही चुकली."

"वही तुमची आहे, बाई."

"माहीत आहे हो."

त्यांनी वही पुढे ओढली. मग त्यांनी लाल पेन उघडलं, पहिलीचे बेचाळीस शेरे एकामागून एक आडव्या रेघेने खोडले, आणि खाली लिहिलं: 'हे शेरे दारात उभं राहून दिलेले आहेत. आत बसून ऐकल्यावर ते मुलांचं वाचन असल्याचं आढळलं. चूक माझी.' खाली सही, तारीख.

"नक्कल नीट काढा," त्या म्हणाल्या. "रेघांसकट."

भाऊसाहेबांनी वही दोन्ही हातांनी उचलली. बाहेर घंटा झाली, आणि मोठ्या बाई पहिलीकडे चालू लागल्या. सुट्टीला अजून दोन तास होते आणि कालचं पान अर्धं राहिलं होतं.