पहिला आठवडा कोणता

डोळे तपासणारी गाडी बैहरकडच्या गावांत कधी जाणार, हे नियोजन करणारे ‘वर्ष, आठवडा, वार’ एवढंच लिहून पाठवत. त्यावरून तारीख काढून गावकऱ्यांच्या मोबाइलवर निरोप धाडणारा प्रोग्राम मी बालाघाटात बसून लिहिला होता.

त्या वर्षी एक जानेवारी शुक्रवारी आली. ज्या आठवड्यात एक तारीख, तो पहिला, असं मी धरलेलं. नियोजनवाले मात्र वर्षातला पहिला गुरुवार ज्यात येतो, तो आठवडा पहिला मानत. आदल्या वर्षी दोन्ही हिशेब योगायोगानं जुळले, म्हणून मी कधी विचारलंच नाही. आता सगळे निरोप आठवडाभर आधीच्या तारखेचे गेले.

बैहरजवळच्या गावात माझी आत्या एकटी राहते. तिला धूसर दिसायचं, म्हणून माझ्याच आग्रहानं तिनं तपासणीला नाव दिलं होतं. निरोपातल्या तारखेला ती सडकेवर जाऊन बसली आणि संध्याकाळी गारठून परतली. चूक कळल्यावर मी दुरुस्त निरोप पाठवला. पुढच्या आठवड्यात गाडी खरंच आली, पण आत्या घरातून हलली नाही. मग एका पहाटे तिला अंगणातली पायरी दिसली नाही. मनगट मोडलं.

मी धावत गेले. हात प्लास्टरमध्ये, केस विस्कटलेले.

“गाडी काहून नाही आली वं त्या दिवशी?” तिनं विचारलं.

“आत्या, गाडीची चूक नव्हती. तारीख मी चुकीची पाठवली.”

“तू? ते तं कंपूटर पाठवते ना?”

“कंपूटरले मीच शिकवलं होतं.”

“मी तं त्या डरायवरले शिव्या देल्या,” ती म्हणाली आणि कंगवा माझ्याकडे सरकवला. मी तिची वेणी घातली. रडू आलं, पण तिच्यासमोर रडायचा मला हक्क वाटला नाही.

तिला मी बालाघाटला आणलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं. मनगट मात्र वाकडंच जुळलं. भाकरी थापताना ती मध्येच थांबते, तेव्हा मी दुसरीकडे बघते.

चुकीचा निरोप गेलेल्या बाकी लोकांचे माझ्याकडे फक्त नंबर होते. मी एकेकाला फोन केला. “कोई बात नहीं, बेटी,” एक म्हातारा म्हणाला, “हमें तो उस दिन कोई काम ही नहीं था.” तो खोटं बोलत होता, हे मला आवाजावरून कळलं.