न विकायची शेळी

इंटर्न म्हणजे काय, हे माझ्या वडिलांना वर्ष संपेपर्यंत कळलं नाही. माजलगावहून फोन करून ते विचारायचे, "नोकरी हाय का शिक्षण?" मी म्हणायचे, दोन्ही. "मंजी दोन्ही न्हाई," असं म्हणून ते फोन आईकडे द्यायचे. त्यांच्याशी वाद घालायचं त्राण माझ्यात नसायचं, आणि खरं सांगायचं तर ते फारसे चूकही नव्हते.

क्लिनिकल सायकॉलॉजी शिकताना ते वर्ष मी आमच्याच बीड जिल्ह्यात, मानसिक आरोग्याच्या सरकारी पथकात काढलं. पथक म्हणजे एक मानसोपचाराचे डॉक्टर, एक नर्सताई, औषधांचे खोके, एक जीप आणि मी. डॉक्टरांच्या आधी पेशंटशी बोलून त्याची सगळी कहाणी लिहून काढायची, हे माझं मुख्य काम. झोप लागते का, भूक लागते का, कानात आवाज येतात का, जीव नकोसा वाटतो का. हे शेवटचं विचारताना सुरुवातीला माझा आवाज कापायचा. पुढे पुढे मी ते 'चहा घेणार का' इतक्या सहज विचारू लागले, आणि तसं विचारता येतं याचंच एक दिवस वाईट वाटलं.

शिवाय दिव्यांगांच्या दाखल्यासाठी मुलांच्या बुद्धीच्या चाचण्या घ्यायच्या. ठोकळे पुढे ठेवून म्हणायचं, बाळा, असं चित्र कर. बाळ ठोकळा तोंडात घालायचं आणि बाप मागून खुणा करायचा. शाळांत जाऊन परीक्षेच्या ताणावर बोलायचं, तेही पालथ्या घड्यावर पाणी, कारण मुलांचं सगळं लक्ष खिचडीच्या वासाकडे. आणि जे केलं त्याचा, जागेचा पत्ता उमटलेला फोटो काढून ग्रुपवर टाकायचा. फोटो नाही तर काम झालंच नाही. संध्याकाळी खोलीवर आले की चपलांसकट कॉटवर आडवी व्हायचे. आता कुणी काही सांगू नये, एवढीच इच्छा उरलेली असायची. मैत्रिणींचे फोनसुद्धा मी उचलत नसे.

पंधरा दिवसांतून एकदा आमची जीप वडवणीच्या बाजूच्या एका बाजारगावाला जायची. गावाचं नाव राहू द्या. तिथल्या सरकारी दवाखान्याच्या मागच्या खोलीत आमची ओपीडी भरायची, ती नेमकी आठवडी बाजाराच्या दिवशी. हा दिवस पूर्वी ज्यानं कुणी ठरवला असेल त्याला माझा दंडवत. बाजारच्या दिवशी हातात पिशवी असली की कुठं निघालात म्हणून कुणी विचारत नाही. आमचे पेशंट आधी भाजी घ्यायचे, मग आमच्याकडे यायचे, आणि गोळ्यांची पाकिटं मेथीच्या जुडीखाली सारून एसटीला लागायचे. त्या खोलीत कायम कोथिंबीर आणि सुकटीचा वास असायचा.

शेळी घेऊन येणारी मात्र एकच होती.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, ही बाई वाट चुकून जनावरांच्या दवाखान्याऐवजी इकडे आली. साठीची, काटक, पदर खोचलेला, हातात दोरी. दवाखान्याच्या फाटकाशी एक चाचा फळांचा गाडा लावायचे. गाड्याशेजारच्या कडुलिंबाला तिनं शेळी बांधली, चाचांना म्हणाली, "केळाची सालं टाका हिला," आणि आत आली. तिच्या बऱ्याच मागून एक तरुण बाई येत होती, जणू दोघींची ओळखच नाही. ती तिची सून.

सून बाळंतपणानंतर बिघडली होती. तिची झोप उडाली होती आणि बाळाला कुणीतरी विष घालणार, या धास्तीनं ती कुणाच्या हातचं अन्न खाईना. गोळ्यांनी ती सावरली. मी तिला भेटले तेव्हा ती बाळाच्या दातांबद्दल बोलत होती आणि मधूनच हसत होती. पण या गोळ्या घरात तिघांनाच माहीत होत्या: सासूला, सुनेला आणि ट्रकवर असलेल्या नवऱ्याला. बाकी घराला आणि गावाला सांगितलं होतं की बाळंतिणीला अशक्तपणा होता, गेला. कारण घरात लग्नाची लेक होती, सुनेची धाकटी नणंद, आणि तिची सोयरीक जमत आली होती.

"घरात येड हाय म्हणलं की संपलं," सासू माझ्या कानाशी लागून म्हणाली. ती आमच्याशी कायम कुजबुजतच बोलायची. "सून परक्याची, माझ्या लेकीच्या रगतात कायबी न्हाई. पर कोण इचारतंय? आख्खं घरच बाद करत्यात. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्याडम."

मी तिला समजावलं. हा आजार आहे, बरा होतो, त्यात लाज कसली, वगैरे पुस्तकातलं सगळं. तिनं नीट ऐकून घेतलं.

"तुमचं लगीन झालंय का?"

"नाही."

"मग ऱ्हाऊ द्या."

"बरं, ते राहिलं. पण शेळी कावून आणता, मावशी?"

"दर खेपंला बाजाराला कावून चाललीस, म्हणून धनी इचारतो. मी म्हणते, शेळी इकायला."

"मग विकत का नाही?"

तिनं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "इकल्यावर फुडल्या खेपंला काय सांगू?"

तर ती शेळ्यांच्या बाजारात घटकाभर उभी राहायची आणि असा भाव सांगायची की दलाल हसत पुढे जायचे. घरी जाऊन म्हणायची, गिऱ्हाईकच नाही. नवरा दलालांना शिव्या घालायचा. इकडे चाचांच्या गाड्यावरची सालं खाऊन शेळी अंगानं भरत चालली, तसा मावशीला भाव आणखी चढवावा लागायचा. चाचांना वाटायचं म्हातारी गुडघ्याच्या गोळ्यांना येते. "आजी, ही बकरी इकायची हाय का नुस्ती फिरवायची हाय?" असं ते विचारायचे आणि सगळं फाटक हसायचं. मावशीसुद्धा हसायची.

एकदा मीही विचारलं, खरंच कधी विकणार हिला? मावशीनं सुनेकडे पाहिलं. "हिच्या गोळ्या सुटत्याल त्या दिशी. शेळी इकून सगळ्या दवाखान्याला पेढे वाटते बघा." डॉक्टरांनीही सांगितलं होतं, अशाच नियमित घेतल्या तर पुढे हळूहळू कमी करू. मी त्या पेढ्यांची वाट पाहू लागले. एरवी त्या वर्षात वाट पाहावी असं माझ्याकडे काही नव्हतं.

दिवाळीनंतर वरून आदेश आला. बाजारच्या दिवशी दवाखान्यात गर्दी होते आणि जीपही त्या दिवशी दुसरीकडे लागते, म्हणून आमची ओपीडी आठवड्यातल्या दुसऱ्या दिवशी हलवली. दारावर तसा कागद चिकटला. मी जिल्ह्याच्या ऑफिसात आमच्या साहेबांकडे गेले. म्हटलं, सर, बाजार असतो म्हणूनच तर ते येऊ शकतात. साहेब वाईट नव्हते. तेही माझ्यासारखेच दमलेले, समोर फायलींचा ढीग आणि कानाला फोन.

"गरज असली की पेशंट कुठल्याही दिवशी येतो, मॅडम."

"नाही येत, सर."

"मग लेखी द्या."

मी लेखी दिलं. लेखी दिलेलं कुठं जातं ते मला अजून कळलेलं नाही.

नव्या दिवशी खोलीत ना मेथी, ना माणसं. नर्सताईंनी लोकरीचं विणकाम काढलं. फाटकाशी चाचा म्हणाले, "ती शेळीवाली आजी बाजारच्या दिशी आल्ती. दार बंद बघून लई येळ बसली. मी म्हणलं, दिवस बदललाय, आता आडवारी, बाजार नसतोय तवा या. तर म्हणती, आडवारी मी काय सांगून निघू?"

तिला निरोप तरी कसा धाडायचा? घरातला फोन सासऱ्याच्या बंडीच्या खिशात, आणि नवऱ्याचा नंबर तिनं दिलेला नव्हता. गावातली आशा कार्यकर्ती त्यांच्या भावकीतली. तिला कळू देणार नाही असं मावशीनं माझ्याकडून वदवून घेतलं होतं. दवाखान्यातल्या औषधाच्या खिडकीवर बसायचा तो माणूसही त्यांच्याच गावचा, म्हणून गोळ्या तिथं ठेवून जाता येईना. पेशंटचं गुपित राखायचं, हा आमच्या कामाचा पहिला नियम. परीक्षेत त्यावर मी छान उत्तर लिहिलं होतं. तो पाळताना हात बांधून विहिरीच्या काठावर बसल्यासारखं होतं, हे कुणी शिकवलं नव्हतं.

डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी गोळ्या माझ्याकडे दिल्या आणि म्हणाले, जमलं तर बाजारात गाठा तिला. पुढच्या बाजारच्या दिवशी दाखल्यांचं शिबिर लागलं आणि मला सुट्टी मिळाली नाही. त्याच्या पुढच्या बाजाराला मी एसटीनं गेले. पर्समध्ये गोळ्या घेऊन शेळ्यांच्या बाजारात उन्हात उभी राहिले. एका दलालानं विचारलं, "ताई, घ्यायची हाय का द्यायची हाय?" मी प्रत्येक म्हातारीच्या तोंडाकडे पाहत होते. बाजार उठला तरी मावशी आली नाही. परतताना बसमध्ये मला रडू आलं, आणि शेजारच्या बाईनं न विचारता माझ्या हातावर बोरं ठेवली.

त्यानंतरच्या ओपीडीला, आडवारीच, मावशी फाटकात दिसली. कडुलिंबाखाली शेळी नव्हती. गोळ्या मिळालेल्याच नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी थकलेल्या मनाला काय, त्याला आधी पेढेच आठवले.

"मावशी, शेळी विकली?"

"इकली."

मी हसणारच होते, तेवढ्यात तिच्या मागून सून आली. केस सुटलेले, डोळे भिरभिरते, ओठ आपल्याशीच हलत होते. एका मुलीनं तिचं मनगट घट्ट धरलं होतं.

"तारीख धराया पाव्हणे आल्ते," मावशी म्हणाली. पहिल्यांदाच ती माझ्याशी कुजबुजत नव्हती. "च्यात ईख हाय म्हणून हिनं त्यांच्या म्होरं कपबश्या भिरकावल्या. पाव्हणे उठून गेले. सोयरीक मोडली. आता कुणापून लपवायचं? पैल्या गिऱ्हाइकानं मागितली त्या भावात शेळी देऊन टाकली."

त्या साहेबांना जीपमध्ये घालून इथं आणावं आणि या बाईसमोर उभं करावं, असं मला वाटलं. मी इतकी संतापले होते की कागदावर पेन चालेना. मग पेन चाललं, कारण मागे रांग होती.

डॉक्टरांनी सुनेला तपासलं, इंजेक्शन दिलं आणि गोळ्या पुन्हा पहिल्यापासून सुरू केल्या. मी त्या मुलीकडे पाहत होते. तीच नणंद, जिच्यासाठी एवढी लपवाछपवी केली आणि जिचं लग्न मोडलं. ती वहिनीवर राग काढेल, निदान तोंड फिरवेल, असं मला वाटत होतं. तिनं मनगट अजून सोडलं नव्हतं.

नर्सताईंनी गोळ्यांची पाकिटं पुढे केली. मावशीनं सवयीनं पिशवीचं तोंड उघडलं. बाजार नव्हता, पिशवी रिकामी होती. "ऱ्हाऊ दे, आई," म्हणत पोरीनं पाकिटं स्वतःच्या हातात घेतली आणि वहिनीला घेऊन बाहेर पडली. व्हरांड्यात रांग होती, चाचा होते, खिडकीवरचा त्यांच्या गावचा माणूस मान बाहेर काढून बघत होता. त्या सगळ्यांच्या मधोमध थांबून ती वळली आणि खड्या आवाजात म्हणाली,

"म्याडम, वहिनीच्या डोक्याच्या गोळ्या जेवायच्या आधी द्यायच्या का नंतर?"

मीही तेवढ्याच मोठ्यानं सांगितलं, "जेवल्यावर."