मी मान डोलावली

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, तो गेला. बहिणीला सांगितलं नाही, तीही गेली. तुम्ही माझे कोण, मला ठाऊक नाही — पण वाचताय ना, मग ऐका.

मी चौथी शिकले. तरी बेळगावातल्या आमच्या संगीत मंडळाच्या पत्रकात शास्त्रीय गाण्याच्या नव्या आणि पुन्हा निघालेल्या रेकॉर्डिंगांवर मी लिहिते. जन्मभर गाणाऱ्यांच्या मागे तंबोरा धरून बसले, म्हणून मला विचारतात. एका नव्या गवयाबद्दल मी लिहिलं होतं — ताना पुष्कळ, राग कुठाय? लोक हसले. म्हणाले, म्हातारी खरं बोलते.

खरं! संताप येतो मला ते ऐकून.

यंदा आक्काची जुनी कॅसेट पुन्हा निघाली. आक्का म्हणजे माझी गुरुबहीण, निपाणीची. आम्ही दोघी गायलाच शिकायला गेलो होतो. माझा आवाज बेताचा, म्हणून गुरुजींनी माझ्या हातात तंबोरा दिला. त्याचं मला काही वाटलं नाही, असं मी सगळ्यांना सांगत आले. तेही खोटंच.

तंबोरा धरणारीचं काम काय? तार उतरली की खालचा मणी जरासा ओढून ती जागेवर आणायची, गाणं न थांबवता. गाणाऱ्याला शंका आली की तो मागे वळून नुसतं बघतो. आपण मान डोलवायची — म्हणजे तंबोरा बरोबर आहे, तुझं तू बघ. एवढंच.

आक्काच्या नावावर ती एकच कॅसेट. रेकॉर्डिंगच्या सकाळी पेटीवाल्याची जांबोटीची बस चुकली, म्हणून सुराला एकटी मी. आक्का पदर सावरत म्हणाली, "तू नुस्ती तार छेड गं. मधी गाऊ नगंस, न्हाय तर माझी कॅसेट गोठ्यात वाजवाय लागंल." सगळे हसले. मीही हसले.

विलंबित सुरू झालं आणि जोडीतली — मधल्या दोन सा च्या तारांतली — एक उतरली. हवा दमट होती. मला ऐकू आलं — लगेच ऐकू आलं. मणी हाताशी होता. आक्कालाही खटकलं. तिनं वळून माझ्याकडे बघितलं.

मी मान डोलावली.

तिला वाटलं, आपलाच सा चुकतोय. मग ती तो शोधत राहिली — जरा वर, जरा खाली — शेवटपर्यंत. भ्यायले होते म्हणू? कितीतरी वर्षं स्वतःशी तसंच म्हणत आले. पण भीती कसली? मणी ओढायला वेळ तो किती लागतो?

आक्काचा सा हलतो, हे निपाणीपासून चिकोडीपर्यंत झालं. बोलावणी आटली. ती घरी पोरींना शिकवत राहिली.

कॅसेटवर माझा तंबोरा खरखरीत बुडाला होता, ते माझ्या पथ्यावर पडलं. आता पुन्हा काढताना खरखर काढून टाकलीय. उतरलेली तार लख्ख ऐकू येते. पहिल्यांदा लावलं तेव्हा मी उठून बंदच केलं. आणि आक्काचा फोन — "तूच लिव्ह गं. तुझ्याशिवाय कुणाला ठावं?"

काय लिहिलं मी? आवाज साफ करणाऱ्यांनी तंबोऱ्याचा सूर बिघडवला, असं लिहिलं. यंत्रावर ढकललं! आणि त्याखाली आणखी एक ओळ — बाईंचा सा थोडा डळमळतो. ती ओळ कुणी मागितली होती? कुणीच नाही. पण म्हातारी खरं बोलते ना! सगळ्यांना बोल लावला, की कुणी माझ्याकडे बघायला नको.

पत्रक पोचल्यावर आक्काचा पुन्हा फोन आला. मला वाटलं, आता शिव्या देणार. द्यायला हव्या होत्या.

"लई बरं केलंस, लिवलंस त्ये," ती म्हणाली. "बाकीची उगं गोड बोलत्यात. माझाच सा हलतोय, मला तवाच कळलं हुतं. तू मान डोलावलीस न्हवं का?"

फोनवर मान दिसत नाही. म्हणून मी तोंडानं म्हणाले, "व्हय."