सोफ्याखालचे खण

आमच्या व्याह्यांनी, म्हणजे नानांनी, आयुष्यात एकही खुर्ची शांत डोक्याने केली नाही, हे मी छातीठोकपणे सांगू शकतो. धुळ्यात त्यांचं लाकडी फर्निचरचं दुकान आहे आणि दुकानाच्या मागेच कारखाना. तिथून आजवर जे पलंग, कपाटं, देवघरं आणि जेवणाची टेबलं बाहेर पडली, त्यांतल्या प्रत्येकाच्या मुळाशी कशावर तरी काढलेला राग आहे. बाकीची माणसं रागावली की ताट सरकवतात किंवा दार आपटतात. नाना रागावले की कानावरची पेन्सिल काढतात आणि हाताशी येईल त्या फळीवर काहीतरी आखायला लागतात. कोणी दार आपटलं तर ते आपटणाऱ्याला काही म्हणत नाहीत, दारावर चिडतात. आपटता येतंच कसं, म्हणून. त्यांच्या कपाटांची दारं अलीकडे गुपचूप मिटतात, ती त्यामुळे.

आमच्या वैशालीला बघायला ते पहिल्यांदा जळगावला आले, तेव्हा आम्हाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पोहे आले, मुलगी आली, मुलाने दोन प्रश्न विचारले. नाना मात्र मान खाली घालून बसले होते. आम्हाला वाटलं, फार विनयशील माणूस दिसतो. तेवढ्यात त्यांनी पोह्यांच्या बशा एकेक करून जमिनीवर उतरवल्या, आमचा टीपॉय उचलून उलटा केला आणि त्याच्या पायांकडे बघत अतिशय दुःखी आवाजात विचारलं, "हाई कोनी बनाडं?" माझ्या चुलतभावाच्या ओळखीच्या माणसाने केलाय, असं मी सांगितलं. "त्या भावाशी संबंध कसे आहेत तुमचे?" त्यांनी विचारलं. लग्न ठरलं, पण नानांनी त्या दिवशी मुलगी नीट बघितलीच नव्हती, हे त्यांनी पुढे स्वतःच सांगितलं. टीपॉय मात्र जाताना बरोबर नेला आणि पायांना आडवी पट्टी मारून साखरपुड्याला परत आणला.

गिऱ्हाइकाशी ते प्रमाण मराठीत बोलतात, रागावले की अहिराणीत. त्यामुळे त्यांचं प्रमाण मराठी फारसं ऐकायला मिळत नाही. मे महिन्यावर त्यांचा जुना दात आहे. खानदेशातल्या उन्हात लाकूड आकसतं, फळ्यांमध्ये फटी पडतात. आणि हे सगळं मे महिना आपल्याशी मुद्दाम करतो, असं त्यांचं मत आहे. त्याच्यावर मात म्हणून त्यांनी फळ्या खाचेत सैल बसवायची पद्धत काढली, म्हणजे लाकडाने हवं तेवढं आकसावं आणि फुगावं, बाहेर कळू नये. मोबाईल त्यांना डोळ्यांसमोर नको असतो, पण पोरं पलंगावर पडून चार्जरची वायर ताणतात हे पाहून ते इतके संतापले, की पलंगाच्या डोक्याशी वायरीसाठी भोक आणि मोबाईल ठेवायला छोटी फळी आली. आज धुळ्यात पुष्कळ पोरं त्या फळीला आशीर्वाद देत असतील. नाना त्या भोकाकडे बघतसुद्धा नाहीत.

आमच्या जावयाने दुकानाबाहेर 'नवीन पर्याय उपलब्ध' अशी पाटी लावली आहे. पर्याय खरोखरच आहेत. पॉलिशच्या तीन छटा आहेत, पाठ उंच किंवा बुटकी मिळते, जेवणाचं टेबल ओढून लांब करता येतं. फक्त यातलं काय निवडायचं ते नाना ठरवतात. एकदा मी दुकानात बसलो असताना एक नवपरिणीत जोडपं आलं. मुलीने सागवानी पलंग पसंत केला आणि विचारलं, "हा पांढऱ्या रंगात मिळेल का?" नानांनी पलंगाच्या पाठीवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाले, "पांढराच करायचा असेल तर सागवान कशाला? बाभूळ घ्या. मात्र तिलाही वाईट वाटेल." जोडपं निघून गेलं. जावई कपाळाला हात लावून आत गेला. आणि संध्याकाळी तेच जोडपं परत येऊन सागवानी पलंग सांगून गेलं. त्या मुलीला नाना म्हणाले, "आता तू हुशार दिसतेस." नानांच्या तोंडून याहून मोठं कौतुक मी ऐकलेलं नाही.

या सगळ्या सुधारणांत नानांचा जीव एकीवर फार होता. लग्नानंतर वैशालीने एकदा सहज म्हटलं, की हल्लीच्या फ्लॅटांत गोधड्या ठेवायला जागाच नसते. झालं, नाना फ्लॅट बांधणाऱ्या समस्त बिल्डरांवर भडकले आणि त्या भरात त्यांनी सोफ्याच्या बैठकीखाली पुढून उघडणारे खण बसवले. खण जमिनीपर्यंत, त्यामुळे खाली कचराही जाणार नाही. त्यातला पहिला सोफा आमच्या घरी आला. बघता बघता तो सोफा धुळ्यात, अमळनेरला, पार पहूरपर्यंत पोचला. गोधड्यांचा प्रश्न सुटला, म्हणून बायका खूश होत्या. त्या काळात नाना दिवसातून थोडा वेळ तरी बरे असायचे.

गेल्या वर्षी माझी पत्नी त्या सोफ्यावरून उठताना पडली. दारावरची बेल वाजली, ही उठायला गेली, अर्धवट उठून पुढे झुकली आणि सरळ फरशीवर हातावर आली. मनगटाचं हाड मोडलं. प्लास्टर करून घरी आल्यावर तिने पहिलं काय सांगितलं असेल, तर "नानांना कळवू नका." मी नाही कळवलं. वैशालीच्या तोंडून ते गेलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच नाना हत्यारांची पिशवी घेऊन आमच्या दारात उभे राहिले.

मी "या, बसा" म्हणालो. ते बसले नाहीत. "याही, तुम्ही माले काबर सांगं नही?" एवढंच म्हणाले आणि चपला काढून थेट सोफ्यापाशी गेले. सोफा हलवून पाहिला. तो जागचा हलला नाही. सांधे दाबले, पाय तपासले, कुठेच दोष नव्हता. त्याने ते आणखीच खवळले. शेवटी हिला म्हणाले, "ताई, तुम्ही कशा उठल्या ते दाखवा."

आता व्याह्यांसमोर सोफ्यावर बसून उठून दाखवायचं म्हणजे हिची पंचाईत. ती पदर सावरत स्वयंपाकघराच्या दारातच घुटमळली. नानांच्या ते लक्षात आलं. ते वळले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मला म्हणाले, "तुम्ही बघा आणि सांगत राहा."

मग मी सांगत राहिलो. ही बसली. आता पुढे सरकतेय. आता हात टेकतेय, पण सोफ्याचा हात आखूड आहे, पुढे टेकायला काही नाही. "पाय कुठे आहेत?" भिंतीकडून आवाज आला. मी म्हणालो, पाय समोर आहेत. "मागे का घेत नाहीत?" मी ही गोष्ट तोवर कधी पाहिलीच नव्हती. ही टाच मागे घेत होती आणि टाच खणाला आपटत होती. माणूस उठताना पाय गुडघ्यांच्या मागे घेतो, मगच त्याचा तोल सावरतो. खण जमिनीपर्यंत असल्यामुळे पाय मागे जायला जागाच नव्हती. मी म्हणालो, "टाच खणाला लागतेय, नाना."

नाना भिंतीकडून वळले नाहीत. तसेच हळूच म्हणाले, "मन्ही चूक शे."

हिने पुष्कळ समजावलं, की वय झालंय, मीच घाई केली. त्यांनी ऐकून घेतलं नाही. दुपारपर्यंत सोफ्याचे खण काढले, खालची जागा मोकळी केली, पाय थोडे उंच केले आणि हात पुढून वाढवले. ही बसली आणि न पडता उठली. नाना तेव्हाही भिंतीकडेच बघत होते. जेवायला मात्र थांबले नाहीत.

खरा तमाशा पुढे धुळ्यात झाला. विकलेल्या प्रत्येक सोफ्याचे खण आपण स्वतः जाऊन काढणार, असं नानांनी जाहीर केलं. जावई म्हणाला, "नाना, कोणाची तक्रार नाही. लोक खणांसाठीच तो सोफा घेतात. आपणच घरोघर जाऊन आमचा माल चुकला म्हणून सांगायचं का?" नाना म्हणाले, "मग काय पडल्यावर सांगायचं?" बापलेकांत अबोला झाला. नाना पिशवी घेऊन निघायचे. ज्या घरात म्हातारं माणूस आहे, तिथे आधी. कुठे लोकांनी चहा दिला, कुठे वेड्यात काढलं. अमळनेरला एका घरात तर त्यांना कोणी ओळखलंच नाही आणि दार उघडलं नाही. एवढ्या वर्षांत नाना धीराने थांबलेले मी ऐकले ते तेवढेच. ते पायरीवर बसून राहिले, शेवटी घरातल्या आजोबांनी स्वतः येऊन दार उघडलं.

पहूरला मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. तिथल्या अक्का नानांच्या वयाच्या, पण आवाज नानांहून चढा. खणांत त्यांच्या गोधड्या, मुलीच्या लग्नातलं पातळ आणि नातवाची लहानपणीची झबली होती. "हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. नाना म्हणाले, "पडशीन अक्का." त्या म्हणाल्या, "पडीन तं मी पडीन. तुले काय?" नानांना इतक्या सफाईने उत्तर देणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं. दोघं बराच वेळ भांडले. सून पाणी देऊन गेली, ते गरम झालं. शेवटी नानांनी खण तसेच ठेवले, पण सोफ्याच्या दोन्ही हातांना पुढे मजबूत मुठी बसवून दिल्या. बस सुटल्यावर ते म्हणाले, "बाई बरोबर होती. मी नुसतं काढतच सुटलो. गोधड्या ठेवायच्या कुठे, ते नाही बघितलं."

धुळ्याला पोचलो तर कारखान्यात जावयाने एक नवा सोफा करून ठेवला होता. खण बाजूने उघडणारे, बैठकीच्या मागच्या अर्ध्या भागात बसवलेले. पुढे पाय मागे घ्यायला भरपूर जागा. बापाशी बोलत नव्हता, पण एवढे दिवस तो हेच करत होता. नाना सोफ्यावर बसले, उठले, पुन्हा बसले. खण ओढून पाहिला. मग लेकावर जे काही ओरडले, त्याला तोड नाही. बिजागरी हलकी आहे, पॉलिश घाईत केलंय, हाताची गोलाई बायकांच्या बांगड्यांना लागेल. जावई खाली मान घालून ऐकत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. आज दुकानात तोच सोफा सगळ्यात जास्त जातो.

हिचं मनगट बरं झालं. नानांची छाती मात्र लाकडाच्या भुशाने धरली आहे, डॉक्टरांनी कारखान्यात पाऊल टाकायला मनाई केलीय. मागच्या महिन्यात मी धुळ्याला गेलो, तर ते अंगणात उन्हाला बसले होते, प्लास्टिकच्या खुर्चीवर. माझा विश्वास बसेना. माझी नजर त्यांनी ओळखली. "हलकी शे," ते म्हणाले. "ऊन सरकलं की मलाच उचलून सरकवता येते. कोणाला हाक मारायला लागत नाही."

मला त्यांचं ते शांत बोलणं ऐकवेना. मी मुद्दामच म्हणालो, "बरी असते हो प्लास्टिकची खुर्ची. उगाच लोक लाकडावर पैसे घालवतात."

"हो, बरी शे," नाना म्हणाले आणि डोळे मिटून घेतले. पुढे काहीतरी येईल म्हणून मी बराच वेळ वाट बघत बसलो.