भिवाचा नंबर

मंडळाच्या स्मरणिकेसाठी चाळीतल्या एखाद्या जुन्या माणसावर लिहा, असं स्मरणिकेचं काम बघणाऱ्या रुचाने मला सांगितलं. मी भिवाचं नाव घेतलं आणि नंतर पंधरा दिवस कागदाला हात लावला नाही. मला लिहायची सवय नाही हे एक कारण. दुसरं पुढे येईल. छापायचं की नाही ते रुचाने ठरवावं.

भिवा परब लालबागच्या आमच्या चाळीत माझ्या समोरच्या खोलीत राहतो. मध्ये चार हातांचा पॅसेज. मालवणकडचा, माझ्या शेजारच्याच गावचा. मिलमध्ये तो साचे, म्हणजे माग चालवायचा, मी टाइम ऑफिसात हजेरी लिहायचो. टेलिफोनचे अर्ज आम्ही दोघांनी एकाच दिवशी आणले. त्याने भरून दिला. मी म्हटलं, आपल्याला कोण फोन करणार, आणि अर्ज ट्रंकेत ठेवून दिला. सात वर्षांनी त्याच्याकडे फोन आला, तेव्हा मला कळलं की मलाही फोन करणारी माणसं होती. ती सगळी भिवाच्या घरी फोन करू लागली.

त्यातलं आता एकच माणूस उरलं आहे. गावी राहणारी माझी थोरली बहीण जाईबाई, आमची बाय. वय चौऱ्याऐंशी, डोळ्यांनी दिसत नाही. फोनची बटणं बोटांनी चाचपत भिवाचा नंबर लावते, दर रविवारी साडेदहाला. माझा मोबाइल नंबर तिला कितीदा सांगितला. "तुझो नंबर डोक्यात ऱ्हवणा नाय रे," म्हणते.

भिवा फोन उचलतो आणि आधी तोच बोलतो. तांबडी कोंबडी खुडूक बसली का, शेजारणीचं रेडकू पुन्हा घरामागच्या परड्यात शिरलं का, असलं काहीतरी विचारतो. बाय हसते. पॅसेजमध्ये ऐकू येईल इतकी हसते. पंधरा-वीस मिनिटांनी तो मला हाक मारतो. मग बाय विचारते, "जेवलंस?" मी "होय" म्हणतो. "औषध घेतंस?" "होय." संपलं. भिवाने तिला आयुष्यात दोनदा पाहिलं आहे. मीही एकदा तांबड्या कोंबडीचं विचारून बघितलं. "ती मेली रे गणपतीत," बाय म्हणाली. भिवाला ते माहीत होतं.

गेल्या वर्षी रस्ता खोदताना फोनची तार तुटली. तीन रविवार फोन आला नाही. मला बरं वाटलं, हे लिहायलाच हवं. तिन्ही रविवार मी माझ्या मोबाइलवरून बायला फोन केला. तिन्ही वेळा तिने आधी विचारलं, "भिवाच्या फोनाक काय झाला?"

मग भिवाच्या सुनेने, रुपालीने, इंटरनेटवर चालणारा फोन घेतला. भिंतीवर वायफायची डबी आणि तिलाच फोन जोडलेला. नंबर जुनाच.

"लवूकाका, तुमच्या मोबाइलमध्ये पण ॲप टाकून देते," ती म्हणाली. "हाच नंबर दोन्हीकडे वाजेल. बाबा उठेपर्यंत फोन कट होतो. तुम्ही उचला, काय."

भिवा खाटेवरून म्हणाला, "म्हणजे माझ्या घरात पाय न ठेवता माझो फोन उचलतलंस. चाळीक बरो चोर गावलो."

मी हसलो. पण माझ्या मनात रविवार होता.

रविवारी सव्वादहापासून मोबाइल हातात घेऊन बसलो. काय विचारायचं ते कागदावर लिहून ठेवलं होतं. आंबे, कंबर, रेडकू. साडेदहाला माझ्या हातात आणि भिवाच्या खोलीत एकदम वाजलं. चौथ्या रिंगला मी उचलला, तसा त्याच्याकडचा बंद पडला. उघड्या दारातून तो दिसत होता, फोन कानाला लावून नुसता हॅलो हॅलो करत.

"भिवा?" बाय म्हणाली.

"मी लवू."

ती घाबऱ्या आवाजात म्हणाली, "भिवा बरो आसा मा? तू कसो उचललंस?"

मी दाराकडे पाठ केली आणि आवाज बारीक केला. "बरो आसा. तो भायर गेलो."

"असा काय."

"आंबे कसे धरलेत गे यंदा?"

"बरे आसत." ती म्हणाली, "तो इलो काय मिया परत फोन करतंय." आणि फोन ठेवला. कागदावरची कंबर आणि रेडकू तशीच राहिली.

अर्ध्या तासाने पुन्हा दोन्हीकडे वाजलं. मी हात लावला नाही. भिवाने उचलला.

"मी? मी खंय गेल..." तो म्हणाला आणि थांबला. मान वळवून त्याने माझ्याकडे पाहिलं. मोबाइल माझ्या हातातच होता.

"हां हां," तो फोनात म्हणाला, "खाली गेल्लंय गे, पाव आणूक. लवू सांगता ता खरा."

मग कोंबड्या, मग रेडकू, मग बायचं हसणं. वीस मिनिटांनी त्याने मला हाक मारली. बायने विचारलं, "जेवलंस?" मी होय म्हटलं.

मी त्याच्या जागी असतो तर सगळं सांगून टाकलं असतं. त्याने सांगितलं नाही, आणि हे मला बायच्या हसण्यापेक्षा जास्त लागलं. फोन त्याचा, बहीणही त्याचीच झालेली. निदान वाईटपणात तरी तो माझ्यापुढे असायला हवा होता.

फोन ठेवून भिवाने चपला पायात सरकवल्या.

"खंय?" मी विचारलं.

"पाव आणूक. बायक खोटा सांगलंय, ता खरा करूक व्हया."

गुडघा धरत तो जिना उतरला. मी जातो, असं म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. त्याने सहा पाव आणले, त्यातले तीन मला दिले. मी ते चहात बुडवून खाल्ले.

ॲप मी काढलेलं नाही. रविवारी साडेदहाला दोन्हीकडे वाजतं. भिवाला खाटेवरून उठायला पाच रिंगा लागतात. तेवढा वेळ मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसतो.