मेरीआंटींच्या खिळ्यावरच्या किल्ल्या

आज सकाळी शेजारच्या मेरीआंटी दारोदार किल्ल्या परत करत होत्या. आमच्या गल्लीत प्रत्येक घराची जादा किल्ली त्यांच्या दारामागच्या खिळ्यावर असायची, मग घर शेखांचं असो की तमिळ मास्तरांचं. आता घरमालकाने भाडं दुप्पट केलंय आणि आंटी पार विरारला निघाल्यात.

“ही तुझी. आता दुसऱ्या कुणाकडे ठेव,” म्हणाल्या.

कुणाकडे ठेवू? मास्तर घर सोडून गेले, शेख सामान बांधतायत. नव्या भाडेकरूंच्या दारांना आकड्यांची कुलपं आहेत. आणि दलाल त्यांना घर दाखवताना सांगतो काय, तर इथे शेजार फार चांगला आहे. तो शेजार दाखवूनच भाडं वाढवलं आणि त्याच भाड्याने शेजार हाकलला.

कामावर निघालो तेव्हा दोन्ही किल्ल्या माझ्याच खिशात होत्या. हरवल्या तर आता एकदमच हरवतील.